कपाट आणि बिजागरी

घरच्या घरीं कपाट करावयास बसलेला मनुष्य लाकूड, उंची व रंग यांचा विचार आधीं करतो. बिजागऱ्या मात्र अखेरीस, दुकानांत हाताला लागतील त्या, घेऊन येतो. बिजागरीचा इतिहास पाहतां हा क्रम उलटा आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम शब्दांकडेच पाहावें. संस्कृतांत 'कपाट' म्हणजे दाराची फळी. तिचें प्राकृत रूप 'कवाड' दारापाशींच राहिलें आणि मूळ शब्द मराठींत कपडे ठेवण्याच्या लाकडी सामानास जाऊन चिकटला. 'अलमारी' आणि 'बिजागरी' हे शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आले. म्हणून आपल्याकडे पूर्वीं दारें फिरतच नव्हतीं असें नव्हे. जुन्या वाड्यांचीं कवाडें फळीच्याच वर-खालीं राखलेल्या खुंटांवर फिरत. सारा भार उंबऱ्यांतील खळगा सोशी. पण हलक्या कपाटास असा भक्कम उंबरा कोठून असणार?

ही अडचण रोमन सुतारांपुढेंही होती. इ. स. 79 मध्यें व्हेसुव्हिअसच्या उद्रेकांत गडप झालेल्या पाँपेई व हर्क्युलेनिअम या नगरांत कपाटांच्या बिजागऱ्यांचे हाडाचे पोकळ तुकडे सांपडले आहेत. एक तुकडा दारास, दुसरा चौकटीस, अशी त्यांची माळ रचीत. त्यांवरील भोकें पाहून कांहीं संशोधकांनीं त्यांस बांसरीचे तुकडे ठरविलें होतें!

पुढें युरोपांत घडीव लोखंडाच्या लांब पट्ट्या दाराच्या दर्शनी अंगावर खिळ्यांनीं ठोकूं लागले. बिजागरी कडेच्या आंत दडवावयाची तर स्क्रू मुबलक हवेत. इंग्लंडांत वायट बंधूंनीं 1760 सालीं स्क्रू करण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें आणि 1775 सालीं आयझन व व्हाइटहर्स्ट यांनीं ओतीव लोखंडाच्या दोन पात्यांच्या बिजागरीचें घेतलें. आपल्या ओळखीची बिजागरी ती हीच. तिला दोन गोष्टी लागतात: स्क्रू धरून ठेवणारी भरीव लाकडाची कड आणि पटाशीनें नेमकी खांच घेणारा हात.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांत लाकडाचा चुरा दाबून केलेल्या तक्त्यांचीं कपाटें होऊं लागलीं, तेव्हां यांतली पहिलीच गोष्ट नाहींशी झाली. त्या तक्त्याच्या कडेंत स्क्रू टिकत नाहीं, कड फाटते. यावर तोड निघाली ती वाटीच्या बिजागरीची. दाराच्या आंतल्या अंगास 35 मिलिमीटर व्यासाचा खळगा पाडून तींत वाटी बसवितात. दार किंचित् वांकडें लागलें तरी पुढें स्क्रू फिरवून सरळ करतां येतें. पटाशीच्या हातांतली अचूकता अशी कारखान्यांत गेली.

तेव्हां बिजागरी निवडणाऱ्यानें आधीं लाकडास विचारावें. दार भरीव सागवानाचें असेल तर पितळेच्या दोन पात्यांच्या बिजागऱ्या लावाव्यात, उंच दारास तीन. स्क्रू सैल झाला तर भोकांत लाकडाची खुंटी ठोकून तो पुन्हा घट्ट करतां येतो, आणि असें कपाट नातवांपर्यंत चालतें. दार चुऱ्याच्या तक्त्याचें असेल तर वाटीचीच बिजागरी घ्यावी. पण तिची वाटी एकदां उखडली, कीं त्याच जागीं ती बसविणें कठीण. सोय आज हवी कीं दुरुस्ती उद्यां हवी, हा प्रश्न लाकूड घेतांनाच सोडवावा लागतो. बिजागरी त्याचें उत्तर तेवढें दाखविते.