स्वमग्न मुलांसह कौटुंबिक प्रवास

स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलांसह कुटुंबाने केलेला दैनंदिन किंवा पर्यटनासाठीचा प्रवास हा दिव्यांगांच्या सुगम प्रवासाचा एक उपविषय आहे. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात अशा प्रवासाचा विचार मुख्यतः मध्य रेल्वेच्या उपनगरी सेवेच्या संदर्भात करावा लागतो.

पार्श्वभूमी

स्वमग्न मुलांना दिनक्रमातील अचानक बदल सहन करणे अवघड जाते. आवाज, प्रकाश, वास व स्पर्श यांना अतितीव्र किंवा अत्यल्प प्रतिसाद हे लक्षण २०१३ साली डीएसएम-५ या वर्गीकरणाच्या निकषांत समाविष्ट झाले. संवेदनांचा भार असह्य झाल्यास मूल किंचाळते, कान झाकते किंवा पळू लागते. शारीरिक व्यंग दिसत नसल्याने सहप्रवासी याला अनेकदा हट्ट किंवा पालकांची बेशिस्त समजतात.

उपनगरी रेल्वे

गाडी स्थानकात काही सेकंदच थांबते, फलाट ऐनवेळी बदलतो आणि गर्दीत अनोळखी स्पर्श टळत नाही. कल्याणला कसारा व कर्जत मार्ग वेगळे होत असल्याने तेथे गाडी बदलणाऱ्यांची वर्दळ असते. उपनगरी गाड्यांत दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो. मात्र न दिसणाऱ्या दिव्यांगत्वाबाबत प्रमाणपत्र जवळ असणे महत्त्वाचे ठरते. वातानुकूलित लोकलचे दरवाजे आपोआप बंद होतात, त्यामुळे उघड्या दारातून पडण्याचा धोका टळतो. मूल हरवल्यास रेल्वेच्या १३९ व बालकांसाठीच्या १०९८ या क्रमांकांवर मदत मागता येते.

प्रमाणपत्र आणि सवलती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नमूद २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश असून तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरतात. ७० ते १०६ गुण सौम्य, १०७ ते १५३ मध्यम व त्यापुढील गुण तीव्र स्वमग्नता दर्शवतात. रेल्वेच्या भाडेसवलतीत मात्र अस्थिव्यंग, दृष्टिहीनता, मूकबधिरता व बौद्धिक दिव्यांगत्व हे जुने गट आहेत. त्यामुळे सोबत्याविना प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग मुलाला व त्याच्या सोबत्याला शयनयान श्रेणीत ७५ टक्के सवलत मिळते; बौद्धिक दिव्यांगत्व नसलेले स्वमग्न मूल या गटात बसत नाही.

विमानप्रवास

मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर इंडिगोने एका दिव्यांग मुलाला विमानात प्रवेश नाकारला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला ५ लाख रुपयांचा दंड केला. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. तीनुसार केवळ दिव्यांगत्वाच्या कारणाने प्रवास नाकारता येत नाही. प्रवासात प्रकृती बिघडेल असे कंपनीला वाटल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. न दिसणारे दिव्यांगत्व ओळखता यावे यासाठीची सूर्यफुलाच्या चित्राची गळपट्टी २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली.

पूर्वतयारी

प्रवासाचे टप्पे चित्रांच्या क्रमाने आधी दाखवणे ही प्रचलित पद्धत आहे. कॅरल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी मांडलेल्या ‘सामाजिक गोष्टीं’चाही यासाठी वापर होतो. दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी एक-दोन स्थानकांपुरता सराव, आवाज रोखणारे हेडफोन, ओळखीचा खाऊ आणि कपड्यांत संपर्क क्रमांकाची चिठ्ठी हे उपाय पालक करतात. मोठ्या प्रवासाआधी लहान अंतरे वाढवत नेल्यास मुलाला पुढे काय होणार याचा अंदाज येतो.

जवळची ठिकाणे

ठाण्यातील उपवन तलाव व येऊरचा परिसर कमी अंतरावर आहेत. सुटीच्या दिवशी सकाळची वेळ त्यांसाठी अधिक शांत असते. कर्जत मार्गावरील नेरळहून माथेरानला जाणारी अरुंद मापी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. माथेरानमध्ये खासगी मोटारींना बंदी असून त्या दस्तुरी नाक्यावर थांबवाव्या लागतात. त्यामुळे वाहनांचा गोंगाट कमी असतो. मात्र घोडे व सुटीतील गर्दी यांचा त्रास काही मुलांना होऊ शकतो. नेरळहून सुटणारी गाडी पावसाळ्यात बंद असते, हे नियोजनात लक्षात घ्यावे लागते.

हेही पहा

स्वमग्नता
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६
मुंबई उपनगरी रेल्वे
माथेरान