कोपनहेगनचे पाणी

समुद्राचे पाणी किती खारट आहे हे ठरवण्यासाठी विसाव्या शतकातले समुद्रशास्त्रज्ञ दुसऱ्या एका पाण्याचा आधार घेत. हे पाणी उत्तर अटलांटिक महासागरातले असे. ते गाळायचे, त्याची लवणता किलोमागे 35 ग्रॅमच्या जवळ आणायची, त्यातील क्लोराईड अत्यंत काटेकोरपणे मोजायचे आणि काचेच्या नळ्यांत भरून नळ्यांची तोंडे ज्योतीवर वितळवून बंद करायची. अशा नळ्या कोपनहेगनहून जगभर जात. अधिकृत नाव ‘प्रमाण सागरजल’, पण प्रयोगशाळांतून ते ‘कोपनहेगनचे पाणी’ म्हणूनच ओळखले जाई. धान्याच्या बाजारात शिक्क्याच्या पायलीला जो मान, तोच या नळीला समुद्राच्या अभ्यासात होता.

मीठ मोजायला पायली कशाला हवी, असे वाटू शकते. पाणी आटवावे आणि खाली उरेल ते तोलावे. रॉबर्ट बॉईल या अँग्लो-आयरिश शास्त्रज्ञाने समुद्राच्या खारेपणावर 1674 मध्ये लेखन प्रसिद्ध केले, तेव्हाच ही वाट किती फसवी आहे हे दिसले होते. एकाच पाण्यातून उरलेल्या मिठाचे वजन दर वेळी निराळे येई. याचे मुख्य कारण मॅग्नेशियम क्लोराईड. ते कोरडे होतानाही पाणी सोडत नाही. ते पाणी घालवण्यासाठी आच वाढवली, तर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपाने त्यातले क्लोरीनच उडून जाते. बायकार्बोनेटांतून कार्बन डायऑक्साईड निसटतो तो वेगळा. कमी तापवले तर पाणी उरते, जास्त तापवले तर मिठाचाच अंश जातो. कोकणातल्या मिठागरात ही अडचण येत नाही, कारण मीठ बसल्यावर राहिलेले कडू पाणी काढून टाकले जाते आणि बहुतेक मॅग्नेशियम त्याच्याबरोबर जाते. जे थोडे मागे राहते, त्यामुळे पावसाळ्यात जाड्या मिठाला पाणी सुटते. मिठागराला हे कडू पाणी टाकून देता येते. रसायनशास्त्रज्ञाला मात्र त्याचाही हिशेब द्यावा लागतो.

यातून सुटकेची वाट समुद्रानेच दिली. अलेक्झांडर मार्सेट यांनी 1819 मध्ये निरनिराळ्या समुद्रांतील पाण्याचे नमुने तपासून सांगितले, की एकूण मीठ कमीजास्त असले तरी त्यातील घटकांचे एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सारखेच असते. कोपनहेगनचे प्राध्यापक योहान फोर्कहॅमर यांनी वीसएक वर्षे नाविकांकडून पाणी मागवून हेच काम मोठ्या प्रमाणावर केले आणि 1865 मध्ये मांडले. क्लोरीनला 1.812 ने गुणले की एकूण मीठ मिळते, असे त्यांचे गणित होते. त्यानंतर ‘चॅलेंजर’ जहाज 1872 ते 1876 या काळात जगातले महासागर फिरून आले. त्याने आणलेल्या 77 नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार यांनी ग्लासगोत केले आणि 1884 मध्ये अहवाल दिला. उथळ पाणी असो की खोल, अटलांटिक असो की पॅसिफिक, विरघळलेल्या द्रव्यात वजनाने सुमारे 55 टक्के क्लोराईड, 30 टक्क्यांहून थोडे अधिक सोडियम आणि पावणेआठ टक्के सल्फेट. मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम त्यांच्या मागून येतात. महासागर हजारो वर्षे ढवळला जात असल्याने मिश्रण एकजीव झालेले आहे. एका घटकाचा पत्ता लागला की सगळ्यांचा लागतो.

क्लोराईडचा पत्ता लावणे सर्वांत सोपे. पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण थेंबथेंब सोडले, की पांढरा साका बसू लागतो. पोटॅशियम क्रोमेट आधीच घातलेले असेल, तर क्लोराईड संपताच पिवळ्या द्रावणावर विटकरी छटा चढते. पण सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाची तीव्रता प्रत्येक प्रयोगशाळेत किंचित वेगळी. द्रावण सोडणाऱ्या नळीवरच्या, म्हणजे ब्युरेटवरच्या, खुणा वेगळ्या, आणि रंग बदलल्याचा क्षण टिपणारा डोळाही वेगळा. नॉर्वेच्या किनाऱ्यावर आणि जर्मन जहाजावर मोजलेल्या आकड्यांतला फरक समुद्रातला की बाटल्यांतला, हे कळायला मार्ग नव्हता.

हा फरक का छळतो, याचे उत्तर समुद्राच्या घनतेत आहे. पाण्याची घनता तापमान, लवणता आणि दाब यांवर ठरते. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा शेकडा अडीच-तीनच जास्त. त्यातही एका खोल प्रवाहाचे पाणी शेजारच्या पाण्याहून दर हजारी काही शतांशांनीच वेगळे असते. तेवढ्या फरकाने पाणी तळाशी जाते किंवा वर तरंगते, आणि त्यातून प्रवाहांची दिशा व वेग गणिताने काढता येतात. चुकीचा दुसरा दशांश म्हणजे नकाशावर नसलेला प्रवाह.

उत्तर युरोपातील देशांनी 1899 मध्ये स्टॉकहोमला परिषद भरवली. मासेमारी वाचवायची तर समुद्र समजला पाहिजे, आणि समजायचा तर एका मापाने मोजला पाहिजे, ही त्यामागची निकड होती. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ मार्टिन क्नुडसेन यांनी मापाचे काम अंगावर घेतले. त्यांच्या सहकाऱ्यांत एस. पी. एल. सोरेनसेन होते, पुढे 1909 मध्ये ‘पीएच’ ही आम्लतेची मोजपट्टी दिली ते हेच. आटवण्याचा जुना प्रयोग त्यांनी अखेर शिस्तीत बसवला: कार्बोनेटांचे ऑक्साईड करायचे, ब्रोमाईड-आयोडाईडच्या जागी क्लोराईड आणायचे आणि 480 अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे. इतके कष्टाचे काम मोजक्याच नमुन्यांवर झाले. त्यातून 1.805 गुणिले क्लोराईड अधिक 0.030 हे लवणतेचे सूत्र निघाले. शेवटचे 0.030 नमुन्यांतल्या बाल्टिक पाण्यामुळे आले, कारण तिथे नद्या क्लोराईडशिवायचे क्षार आणून टाकतात. क्नुडसेन यांची कोष्टके 1901 मध्ये छापली गेली. कोष्टकांच्या जोडीला प्रमाण पाणी आले. आधी नळीतले पाणी मोजायचे, आपल्या द्रावणाची आणि डोळ्याची चूक किती ते पाहायचे, मग नमुन्याला हात घालायचा. ही रीत साठ वर्षांहून अधिक टिकली.

तिला धक्का दिला विजेने. ‘टायटॅनिक’ 1912 मध्ये बुडाल्यावर उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांवर नजर ठेवणारी गस्त सुरू झाली. हिमनग प्रवाहाबरोबर वाहतात, प्रवाह घनतेवरून काढायचे, आणि डोलत्या जहाजावर ब्युरेट हातात धरणे अवघड. म्हणून या गस्तीने पाण्यातून वीज किती सहज जाते हे मोजणारे यंत्र वापरले; त्याचे वर्णन 1930 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ही यंत्रे थेंबथेंब द्रावण सोडून केलेल्या मोजणीपेक्षा कितीतरी अचूक झाली आणि नवा पेच उभा राहिला. नळीवरचा दाखला क्लोराईडचा होता, विद्युतवाहकतेचा नव्हता. हिंदी महासागराची मोहीम 1960 च्या सुमारास सुरू झाली, तेव्हा अनेक देशांची चाळीसहून अधिक जहाजे नमुने घेत होती. एकीकडे बाष्पीभवनाने खारट झालेला अरबी समुद्र, दुसरीकडे गंगा-ब्रह्मपुत्रेने गोडावलेला बंगालचा उपसागर. सगळ्यांचे आकडे एका नकाशावर बसायचे तर माप एकच हवे. या मोहिमेनंतर 1966 मध्ये स्थापन झालेल्या आणि गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे काम याच वारशावर उभे राहिले.

तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने 1978 मध्ये क्लोराईडची नाळ तोडली. किलोमागे 32.4356 ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड असलेल्या द्रावणाइतकी विद्युतवाहकता 15 अंशांना ज्या समुद्रपाण्याची भरेल, त्याची लवणता 35 मानायची असे ठरले. हा आकडा केवळ गुणोत्तरातून येतो, म्हणून त्याला एककही नाही. पोटॅशियम क्लोराईड कोणत्याही प्रयोगशाळेत तोलून घेता येते, म्हणजे माप आता एका शहराच्या ताब्यात राहिले नाही. पाणी भरण्याचे कामही त्या दशकात कोपनहेगनहून इंग्लंडला गेले. पुढे 2009 मध्ये समुद्रपाण्याचे नवे समीकरण स्वीकारताना पुन्हा ग्रॅमकडे वळावे लागले. उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्यात सिलिकेटसारखी द्रव्ये साचतात. ती वीज फारशी वाहून नेत नाहीत, पण वजन वाढवतात. मार्सेट यांचा ‘जवळजवळ’ हा शब्द सुमारे दोनशे वर्षांनीही मोजावा लागला. नव्या हिशेबात प्रमाण पाण्याची लवणता किलोमागे 35.16504 ग्रॅम धरली जाते.

नळी मात्र गेली नाही. संशोधन जहाजावरच्या प्रयोगशाळेत आजही नमुन्यांच्या बाटल्या रांगेत लावल्यावर आधी प्रमाण पाण्याचे सील फोडतात, यंत्राचा काटा त्याच्याशी जुळवतात आणि मगच पहिली बाटली घेतात. उरलेले पाणी पुन्हा वापरत नाहीत. उघडल्यावर ते आटू लागते आणि काही वेळाने ते प्रमाण राहत नाही.