वाशीच्या फाटकावरचं नाव

वाशीत सेक्टर ९-अ मध्ये फादर अ‍ॅग्नेल यांच्या नावाचं शिक्षणसंकुल आहे. इथलं अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ चं. मी मूळचा वसईचा, आयुष्यभर मराठी शिकवली आणि आता इथेच राहतो. फाटकावरचं ते नाव रोज हजारो मुलं वाचतात, पण ते कुठून आलं हे फार थोड्यांना माहीत असतं.

फादर अ‍ॅग्नेल डिसोझा १८६९ साली गोव्यात हणजूणला जन्मले, पुढे पिलारच्या धर्मगुरूंच्या संस्थेत गेले. १९१८ पासून ते गोव्यातल्याच साष्टीतल्या राशोलच्या सेमिनरीत भावी धर्मगुरूंचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते आणि १९२७ च्या नोव्हेंबरात तिथेच वारले. म्हणजे या नावाचा माग काढत गेलं की आपण राशोलला पोचतो, आणि मराठीच्या माणसाला तिथून पाय निघत नाही.

कारण १६१६ साली याच राशोलमध्ये ‘क्रिस्तपुराण’ हे ख्रिस्तकथेचं मराठी काव्य छापलं गेलं. लिहिणारा इंग्रज जेझुइट पाद्री, थॉमस स्टीफन्स. तो १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ साली मरेपर्यंत इथेच राहिला. साष्टीतल्या जेझुइट कॉलेजचा तो काही काळ प्रमुख होता. घरची भाषा इंग्रजी, धर्माची लॅटिन, सरकारची पोर्तुगीज, आणि ग्रंथ लिहिला तो दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांचा. निव्वळ पंडिती मराठी लोकांना जड जाईल म्हणून त्याने अवघड शब्द गाळले आणि तिथल्या बोलीतले सोपे शब्द मिसळले. चाळीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या मला त्याचा हा निर्णय फार मोठा वाटतो.

ते पुराण का लिहावं लागलं, हेही सांगायलाच हवं. पोर्तुगीज राज्यात साष्टीतली देवळं पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती. १५८३ मध्ये साष्टीतल्याच कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं. मग पोर्तुगिजांनी गावच्या म्होरक्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं. क्रिस्तपुराणातच एक ब्राह्मण श्रोता पाद्रीला म्हणतो, आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरं काही का देत नाही? स्टीफन्सने हा प्रश्न लपवला नाही, आपल्या ग्रंथातच मांडला. मी ख्रिस्ती आहे, आणि या प्रश्नापुढे मान खाली घालूनच मी पुढच्या ओव्या वाचतो.

छपाईची गोष्ट तर मला फारच हेलावते. १६०८ साली स्टीफन्सने रोममधल्या आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून इथल्या लिपीचे खिळे पाडायची परवानगी मागितली. युरोपात चोवीस अक्षरांत काम भागतं, इथे जोडाक्षरांमुळे सहाशे साचे लागतात, पण ते दोनशेंवर आणता येतील, असा त्याचा हिशोब होता. खिळे काही झाले नाहीत. ओव्या रोमन अक्षरांत छापल्या गेल्या. त्या काळातली छापील प्रत आज कुठेच नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी नकलून ठेवलेल्या पोथ्यांत.

त्या काळी गोव्याच्या चर्चचा आग्रह होता की गावातल्या पाद्रीला गावची भाषा आलीच पाहिजे. पुढे वारं फिरलं. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढून तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज बोलावं असं बजावलं, आणि १७५९ मध्ये तर सरकारने जेझुइटांनाच हाकललं. पुढे मुंबईत जेझुइटांचं सेंट झेवियर्स कॉलेज, १८६९ चं, तेही इंग्रजीत वाढलं. आमच्या वसईत मात्र ‘सुवार्ता’ मासिकाने मराठीचा धागा धरून ठेवला; त्याचे दीर्घकाळचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तो मान मला राशोलच्या स्टीफन्सचाही वाटला.

शांताराम बंडेलूंनी १९५६ साली क्रिस्तपुराण देवनागरीत आणलं, १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती आली. स्टीफन्सने मागितलेली अक्षरं त्याच्या ओव्यांना मिळाली. वाशीच्या संकुलातल्या मुलांना यातल्या पन्नासेक ओव्या म्हणून दाखवाव्यात, त्यांच्याकडून म्हणून घ्याव्यात, एवढीच माझी इच्छा आहे. बोलावणं आलं तर मी पोथी घेऊन चालत जाईन.