पुण्याहून युरोप-अमेरिकेला जाताय? एअरलाइन निवडताना हे तपासा

लोहगाव विमानतळाची धावपट्टी साधारण अडीच किलोमीटरची. पूर्ण इंधन भरलेल्या मोठ्या विमानांना ती कमी पडते. त्यामुळे लांबच्या प्रवासासाठी पुणेकरांना मुंबई गाठावी लागते किंवा वाटेत विमान बदलावं लागतं. मग एअरलाइन कशी निवडायची?

एकच तिकीट: सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल आणि पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं, तर पुढची सोय एअरलाइन करते. दोन वेगळी स्वस्त तिकिटं काढली असतील, तर नवं तिकीट तुमच्या खिशातून.

आसन: कंपनीसोबत विमानही पाहा. बोईंग ७७७च्या इकॉनॉमीत बहुतेक कंपन्या एका रांगेत १० आसनं बसवतात, एअरबस ए३५०मध्ये साधारण ९. ए३५०मधलं आसन सहसा थोडं रुंद असतं.

भरपाई: मुंबईहून फ्रँकफर्टला युरोपीय एअरलाइननं जाताना तिच्या चुकीमुळे ३ तास किंवा जास्त उशीर झाला, तर युरोपीय संघाच्या नियमानुसार ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. बिगरयुरोपीय एअरलाइनला हा नियम जाताना लागू नाही. परतीच्या विमानाला मात्र आहे.

सामान: चेक-इन बॅगेचं शुल्क आणि मुंबईपर्यंतचा टॅक्सीखर्च धरूनच भाड्यांची तुलना करा.