या यादीतलं त्या यादीत आहे का?

इंटरव्ह्यू घ्यायची वेळ आली की माझा एक ठरलेला प्रश्न असतो. दोन ॲरे आहेत, पहिल्यातले कोणकोणते घटक दुसऱ्यात आहेत ते शोधा. नवखी मुलं लूपच्या पोटात लूप घालतात. थोडी मुरलेली मंडळी लगेच म्हणतात, "हॅशसेट वापरा की!" उत्तर बरोबरच आहे. पण या दोन शब्दांच्या उत्तरामागे कित्येक वर्षांची डोकेफोड आहे आणि ती गोष्ट मला फार आवडते. म्हटलं, या शनिवारी तीच सांगू.

आधी लूपमध्ये लूप का नको ते बघू. दोन्ही याद्या दहा-दहा हजारांच्या असल्या तर वाईटात वाईट १० कोटी तुलना. टेस्टिंगला पन्नास रेकॉर्ड घेतली तर काही जाणवत नाही. खरा डेटा आला की मशीन मान टाकतं.

ही डोकेदुखी कॉम्प्युटरच्याही आधीची आहे. अमेरिकेत १९३५ साली सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला आणि कोट्यवधी कामगारांच्या पगाराच्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची वेळ आली. सगळा कारभार पंचकार्डांवर. त्यासाठी आयबीएमने १९३७ साली ०७७ नंबरचं कोलेटर मशीन आणलं. कार्डांचे दोन गठ्ठे, दोन्ही आधीच नंबरांप्रमाणे लावलेले. वरची दोन कार्डं बघायची, ज्याचा नंबर लहान ते पुढे सरकवायचं, नंबर सारखे निघाले की जोडी जमली! आपल्या सोसायटीचा खजिनदार सभासदांची यादी आणि मेंटेनन्स भरलेल्यांची यादी फ्लॅट नंबरने लावतो आणि दोन्हींवर एकेक बोट ठेवून खाली उतरत जातो ना, अगदी तसंच. दहा हजारांच्या दोन याद्या फार तर वीस हजार पावलांत संपतात. अट एकच, याद्या क्रमाने लावलेल्या हव्यात.

आणि क्रम लावायचाच नसेल तर? याचं उत्तर आयबीएममधल्याच हान्स पीटर लून यांनी जानेवारी १९५३ मध्ये एका अंतर्गत टिपणात लिहून ठेवलं. गृहस्थ मूळचे कापडधंद्यातले. (आपल्या क्रेडिट कार्डाच्या नंबरातला शेवटचा पडताळणीचा आकडा ज्या सूत्राने निघतो, ते सूत्रही यांचंच.) त्यांची कल्पना अशी: नावावर किंवा नंबरावर थोडं गणित करायचं, येईल त्या आकड्याच्या खणात ती नोंद टाकायची. शोधताना पुन्हा तेच गणित करायचं आणि थेट तोच खण उघडायचा. एका खणात दोघं आले तर त्यांची साखळी करायची. हेच आपलं हॅशिंग. यादी हजाराची असो की दहा लाखांची, शोधायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच. किंमत मोजायची ती मेमरीत.

आणि मेमरीच नसेल तर? इथून खरी मजा सुरू होते.

१९७५ साली बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्ससाठी 'स्पेल' हा प्रोग्राम एका दुपारात लिहिला. लेखातले शब्द सुटे करायचे, क्रमाने लावायचे, डिक्शनरीशी ताडायचे. म्हणजे पुन्हा ते कोलेटरचंच तंत्र! नंतर डग मॅकिलरॉय यांनी ते काम हातात घेतलं. हे युनिक्सच्या पाइपचे जनक. त्यांना अख्खी डिक्शनरी मेमरीत हवी होती, पण पीडीपी-११ वर एका प्रोग्रामच्या वाट्याला जागा किती, तर ६४ किलोबाइट! पंचवीस हजार शब्द जसेच्या तसे ठेवायचे तर याच्या तिप्पट जागाही अपुरी पडेल.

त्यांनी वापरली बर्टन ब्लूम यांनी १९७० मध्ये मांडलेली युक्ती. शब्द साठवायचेच नाहीत! ४ लाख बिट्स घ्यायचे, म्हणजे ५० हजार बाइट, सगळे शून्य. प्रत्येक शब्दावर वेगवेगळी गणितं करायची आणि येतील त्या जागांवर १ लिहायचा. तपासताना त्यातल्या एकाही जागी शून्य सापडलं तर शब्द डिक्शनरीत नाही, शंभर टक्के. सगळीकडे १ असेल तर शब्द बहुतेक आहे. 'बहुतेक', कारण ते १ दुसऱ्याच शब्दांनी लिहिलेले असू शकतात. दोन हजार चुकीच्या शब्दांतला साधारण एक असा निसटायचा.

पुढे डिक्शनरी ३० हजारांवर गेली, तेव्हा मॅकिलरॉय यांनी हेही सोडलं. प्रत्येक शब्दाचा २७ बिटांचा हॅश काढला, हॅश क्रमाने लावले आणि दोन शेजाऱ्यांमधला फरक तेवढा साठवला. शब्दामागे जेमतेम १४ बिट! आणि निसटणाऱ्या चुका चार हजारांत एकाहूनही कमी.

मला यात सगळ्यात जास्त भावतं ते हे, की चूक कोणत्या बाजूला होऊ द्यायची ते त्यांनी आधी ठरवलं होतं. बरोबर शब्दावर खोटा आळ कधीच येणार नाही, एखादा चुकीचा शब्द मात्र सुटेल. स्पेलिंग तपासायला हा सौदा झकास आहे.

पण यादी बदला. शब्दांच्या जागी ब्लॉक केलेल्या ग्राहकांची नावं ठेवा. तीच युक्ती, तेच गणित, आणि आता दोन हजारांतला एक निरपराध माणूस काउंटरवर अडकतो. तिथे ब्लूमचा 'नाही' डोळे झाकून घ्यावा, 'हो' आला की मूळ यादी उघडून पुन्हा बघावं. त्याला थोडा वेळ लागतो, लागू द्या. लायब्ररीतलं फंक्शन फक्त ट्रू किंवा फॉल्स देऊन मोकळं होतं. चुकीच्या 'हो'चा भुर्दंड कुणाला पडणार, हे कोड लिहिणाऱ्यालाच बघावं लागतं.