कॉलेजातली परेड आणि खांद्यावरचे तारे

आमच्या भंडाऱ्याकडे एनसीसी म्हटलं की परेड, पॉलिश केलेले बूट आणि परेडनंतरचा नाश्ता. 'सी' सर्टिफिकेट असलं की पोलीस भरतीत जास्तीचे गुण मिळतात, हेही सगळ्यांना पाठ. पण त्याच सर्टिफिकेटवर लेखी परीक्षा न देता थेट लष्करी अधिकारीपदाच्या मुलाखतीसाठी अर्ज करता येतो, हे गावाकडे सांगितलं की लोक चमकतात. हा रस्ता सहज मिळालेला नाही, म्हणून आज थोडा इतिहास.

१९१७ साली पहिलं महायुद्ध चालू होतं, इंग्रजांना माणसं कमी पडत होती. इंडियन डिफेन्स फोर्सच्या कायद्याखाली विद्यापीठांत लष्करी तुकड्या निघाल्या. कलकत्त्याला कॉलेजात असलेले सुभाषचंद्र बोससुद्धा अशा तुकडीत दाखल झाले होते. १९२० मध्ये या तुकड्यांची 'युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर' झाली. कवायत, रायफल, कॅम्प, सगळं होतं. पण अधिकारी व्हायचं तर? सँडहर्स्टला हिंदी तरुणांसाठी वर्षाला जेमतेम दहा जागा. आपल्या भाषेत सांगायचं तर फॉर्म झकास, पण सबमिटचं बटण कुठे जोडलेलंच नाही!

पुढे बोस केंब्रिजला गेले. तिथल्या ऑफिसर्स ट्रेनिंग कोअरमध्ये हिंदी विद्यार्थ्यांना घेत नसत. त्यांच्या वतीने बोस लंडनला गाऱ्हाणं घेऊन गेले. अडचण काय, तर हे प्रशिक्षण घेतलेली मुलं उद्या ब्रिटिश सैन्यात कमिशन मागतील! आम्ही कमिशन मागणार नाही, नुसतं शिकू द्या, असं सांगूनही उपयोग झाला नाही. म्हणजे भीती बंदुकीची नव्हतीच, हुकूम कोण देणार याची होती.

डेहराडूनची अकादमी १९३२ मध्ये सुरू झाली. १९४६ मध्ये हृदयनाथ कुंझरू यांची समिती नेमली गेली आणि १९४८ च्या कायद्याने एनसीसी आली. कॅडेटवर युद्धात जायची सक्ती नाही, हे त्या कायद्यातच आहे.

१९६२ च्या युद्धानंतर मात्र चक्र उलटं फिरलं. १९६३ मध्ये कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. आमच्या जिल्ह्यात जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी १९६४ ची, म्हणजे त्याच काळातली. सक्ती १९६८ मध्ये उठली. मला विचाराल तर बरंच झालं. सगळ्यांना रांगेत उभं केलं म्हणून अधिकारी तयार होत नाहीत. ज्याला जायचंय त्याला दार उघडं हवं, बस्स.

आज ते दार उघडं आहे, मुलींनाही. पदवीला किमान ५० टक्के, एनसीसीत किमान दोन वर्षं, 'सी' सर्टिफिकेटला किमान 'बी' ग्रेड आणि लग्न झालेलं नको. निवड झाली तर पाच दिवसांची एसएसबी, मेडिकल आणि मग ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण. पवनी, साकोली, लाखांदूरच्या पोरांना मोठ्या शहरातले लेखी परीक्षेचे क्लास परवडत नाहीत, त्यांच्यासाठी ही सवलत लहान नाही. अर्थात एसएसबीत सूट कुणालाच नाही.

तेव्हा गावाकडचा भाचा किंवा पुतणी यंदा कॉलेजात जाणार असेल, तर एक फोन करा. नाव पहिल्याच वर्षी नोंदवायचं असतं. शेवटच्या वर्षी जाग आली तर ही दोन वर्षं कुठून आणणार?