अल्पसंख्य भाषेतील शिक्षण : रत्नागिरीच्या उर्दू शाळा आणि पटाचा निकष

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवर व खाडीकाठी कोकणी मुस्लिम समाजाची जुनी वस्ती आहे. घरात मराठीला जवळची कोकणी बोली आणि शाळेत उर्दू, अशी अनेक कुटुंबांची रीत आहे. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांसोबत उर्दू माध्यमाच्या शाळाही येथे चालतात. शालेय सुधारणांचा परिणाम मात्र दोहोंवर सारखा होत नाही.

कायद्याचा आधार

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० नुसार धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा संस्थांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळले. या निकालाचा फेरविचार मोठ्या खंडपीठाने करावा, असे दोन न्यायमूर्तींच्या पीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी सुचविले.

जिल्हा परिषदेच्या शाळांना हे संरक्षण लागू नाही. त्यांची भिस्त अनुच्छेद ३५०-क वर आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करण्यास राज्याला सांगतो. शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ मातृभाषेतील माध्यमाचा आग्रह धरते, पण ‘शक्य तेथवर’.

पट आणि अंतर

याच कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेत ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक असावेत. पुढे राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा प्रश्न पुढे आला. सप्टेंबर २०२३ मध्ये अशा शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. लहान शाळांची शिक्षकपदे त्यामुळे जातील, असा शिक्षक संघटनांचा आक्षेप होता.

डोंगर, खाड्या आणि विखुरलेल्या वाड्या यांमुळे कोकणात शाळांचा पट मुळातच कमी राहतो. मराठी शाळा बंद झाली तर पुढच्या वाडीत बहुधा दुसरी मराठी शाळा सापडते. उर्दू शाळा बंद झाली तर त्याच माध्यमाची पुढची शाळा कित्येक गावे पलीकडे असू शकते. मग मुलाने लांबचा प्रवास करायचा, माध्यम बदलायचे किंवा शाळा सोडायची, एवढेच पर्याय उरतात. यात मुलींचे शिक्षण आधी थांबण्याचा धोका असतो.

शिक्षकांचाही पेच आहे. अतिरिक्त ठरलेला मराठी माध्यमाचा शिक्षक उर्दू शाळेला चालत नाही. तेथे त्याच माध्यमाचा पात्र उमेदवार लागतो.

मराठीचे स्थान

उर्दू माध्यम म्हणजे मराठीला फाटा नव्हे. अल्पसंख्य भाषेच्या शाळांतही मराठी सक्तीने शिकविण्याचे राज्याचे धोरण सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये उषा मेहता प्रकरणात वैध ठरविले. २०२० च्या राज्य कायद्यानेही सर्व शाळांत मराठी सक्तीची केली आहे.

बेळगावातील मराठी भाषकही मराठी शाळांसाठी याच ३५०-क चा दाखला देतात. तेथे मराठी मुलांसाठी मागितली जाणारी ‘पुरेशी सोय’ रत्नागिरीत उर्दू मुलांना द्यायची, तर शाळेचा निर्णय घेताना पटासोबत त्याच माध्यमाच्या पुढच्या शाळेचे अंतरही मोजावे लागेल.